मेहकरातला पहिला खेळ

९ जानेवारी २०२५, बीदर

आल्या आल्या बाबांनी विचारलं, "परत कधी निघणार?" एकोणीस वर्षांत त्यांच्या स्वागताची तऱ्हा बदललेली नाही. बाबा म्हणजे बंडोपंत हेडमास्तर, निवृत्त झाले तरी समोर येणारा माणूस त्यांना उशिरा आलेला विद्यार्थीच वाटतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, म्हटलं. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली.

फिल्म करायला आलेय हे कळल्यावर म्हणाले, "किल्ल्यावर कर. लोक बघतात तरी." किल्ल्यावर शंभर जणांनी केल्यात. माझी फिल्म माणसांवर आहे, आपल्याच गावात परक्या असलेल्या माणसांवर. हा विषय माझ्याइतका कुणाला कळणार? हॅम्बुर्गच्या बेकरीत मी एकोणीस वर्षं जर्मनमध्ये पाव मागते आणि ती बाई एकोणीस वर्षं मला इंग्रजीत उत्तर देते. हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग घरी करावा. पोळी काय वाईट असते?"

उल्रिकेला, म्हणजे माझ्या निर्मातीला, एक मार्चच्या आत वीस मिनिटांचा तुकडा हवाय. तो ती महोत्सवाच्या निवड समितीपुढे ठेवणार. आवडला तर माझी पहिली मोठी फिल्म. नाही आवडला तर मी परत दुसऱ्यांच्या फिल्मांना सबटायटल लावत बसायचं, चव्वेचाळिसाव्या वर्षी. भीती वाटते, हे इथे तरी लिहून ठेवते.

११ जानेवारी

माणूस सापडला, आणि तोही किती जवळ! पंचशीला. माझ्याच वर्गातली. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, नवरा बल्लारीला नोकरीला, मुलगी नववीत. बाबांना नाव सांगितलं तर लगेच आठवली. "आपल्या भालकीजवळच्या मेहकरच्या तात्यारावाची पोर. गणितात पक्की होती हो. त्यांच्यातली असून." बाबांच्या पिढीला आता कोण सुधारणार?

शाळेत असताना ती रोज आमच्या घरी यायची. आम्ही ओसरीवर बसून गणितं सोडवायचो. आई आत बोलवायची का, आठवत नाही, पण पंचशीलाला मोकळी हवा आवडायची.

आज तिच्या खोल्यांवर गेले. चांगली पांढरपेशी कॉलनी, दारात तुळशी, स्कूटर धुतलेल्या. मालकीण सरस्वतीबाई खाली राहतात, ही वरच्या मजल्यावर. जिन्यातच मला थांबवून, शाळेतल्या नावानं हाक मारून, दबक्या आवाजात म्हणाली, "सुके, हितं मला शीला म्हण. शीला मॅडम."

"का गं?"

"त्यांनी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. सात वर्सं झाली. पोरीची शाळा जवळ हाय."

चहा पिताना खरी गोष्ट निघाली. संक्रांतीनंतर कॉलनीत घरोघर हळदीकुंकू असतं आणि पंचशीला जाते. कुंकू लावून घेते, ओटी घेते, वाण घेऊन येते. मी थक्क झाले. तात्यारावांची मुलगी! ते तर मेहकरच्या विहाराचे सर्वेसर्वा.

"कामून जातीस मग?" मी विचारलं. माझं जुनं बोलणं आपोआप आलं जिभेवर.

ती कपाच्या काठावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "मला आवडतं गं. बोलावतेत. बस म्हणतेत. दवाखान्यात दिवसभर मी उभी असते."

मी तिथल्या तिथे ठरवलं. हीच फिल्म. दोन जगं, दोन्हीकडे परकी असलेली एक बाई. तिला समजावून सांगितलं, मीही तशीच आहे, माझीही तीच गत आहे तिकडे. तिनं मान हलवली. बराच वेळ तयार होईना, शेवटी झाली. अट एकच घातली. "पिच्चर तिकडं दाखव, कितीबी दाखव. हिकडं न्हाई. अप्पाला तर मेल्यावरबी कळू नये."

"कुणाच्या मेल्यावर?" मी हसत विचारलं.

"दोघांत जो आधी मरंल त्याच्या." ती हसली नाही. मी बरं म्हटलं.

१५ जानेवारी, मेहकर

कॅमेऱ्याला संगमेश आहे. कलबुर्गीचा, पन्नाशीचा, सत्तावीस वर्षं लग्नांचं शूटिंग करणारा. पहिल्यांदा मला शंका होती. पण हात स्थिर आहे आणि बोलतो कमी. मला अक्का म्हणतो, मी लहान असून.

तात्याराव म्हणजे पडद्यासाठीच जन्मलेला माणूस. शहात्तर वर्षांचा, ताठ, पांढरं धोतर, निळी टोपी. मी नमस्कार केला, त्यांनी जय भीम केला. सात वर्षांचे असताना बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेले होते. परत आल्यावर बापानं देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. "म्या बगितलंय बाई, माझ्या डोळ्यानं. बाप म्हणला, आता आपुन कुनाच्या पाया पडायचं न्हाई. त्या दिशी बाप उंच दिसला मला."

मग भावाची गोष्ट. धाकटा भाऊ माणिकराव. त्याची बायको आजारी पडली तेव्हा त्यानं कुणाचं तरी ऐकून घरात मरीआईचा पाट मांडला. तात्यारावांनी त्या दिवसापासून त्याच्याशी शब्द बोलणं सोडलं. वावराची वाट माणिकरावाच्या दारावरून जाते म्हणून एकवीस वर्षं बांधावरून वळसा घालून गेले. भाऊ वारला तेव्हाही गेले नाहीत.

"वाईट वाटलं नाही?"

"वाटलं की. रडलो वावरात बसून." असं म्हणून सरळ लेन्समध्ये बघितलं. "पर ज्यानं कपाळाला तसलं लावून घेतलं, तो आमचा न्हाई. मंग पोटचा असूं दे न्हाईतर पाठचा."

सोन्यासारखं वाक्य! शोभाबाई, त्यांची बायको, उंबऱ्यात तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी गेल्ते. मागल्या दारानं." पण त्या फोकसमध्ये नव्हत्या आणि सुपाचा आवाज आला. ते काही वापरता येणार नाही.

पंचशीला सोबत होती. येताना गाडीत कपाळ काचेला टेकवून बसली होती. मी म्हटलं, काय भारी बोलतात गं अप्पा. व्हय म्हणाली.

२४ जानेवारी

शुक्रवार. सरस्वतीबाईंकडे हळदीकुंकू. फिल्मवाली परदेशातून आलीय म्हणून सगळ्या कॉलनीनं ठेवणीतल्या साड्या काढल्या होत्या. बिदरी अत्तरदाणी, तिळगूळ, वाणाला स्टीलच्या गाळण्या. मला आईची आठवण येऊन भरून आलं. कुणी काही म्हणो, हे आपलं फार सुंदर आहे. यात धर्म वगैरे बघणारे बघोत.

पंचशीला हिरव्या साडीत आली. सरस्वतीबाईंनी तिला पाटावर बसवलं, गुलाबपाणी शिंपडलं. उजेड मागून येत होता म्हणून मी मध्येच ओरडले, "पंचशीला, जरा खिडकीकडे तोंड कर!" सरस्वतीबाईंचा हात करंड्यावर थांबला. मला वाटलं कॅमेऱ्याला बुजल्या. क्षणभरच. मग त्यांनी कुंकू लावलं, पण बोट इतकं हलकं टेकवलं की रंग उमटला नाही, मला तो शॉट परत घ्यावा लागला. दुसऱ्या वेळी बरं उमटलं. तांदूळ, खण, नारळ पदरात पडले तेव्हा पंचशीला अशी हसली की मॉनिटरवर बघणारी मीही हसले.

संपल्यावर तिनं स्वतःला बघायला मागितलं. छोट्या पडद्यावर वाकून बघत होती. "छान दिसायले की गं मी," म्हणाली. दोनदा बघितलं.

मुलगी शाळेतून यायच्या आत कपाळ धुतलं तिनं. मुलीलाही माहीत नसतं म्हणे.

वाण घेऊन बायका निघताना सरस्वतीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शीला मॅडमचं माहेर कुठलं हो?" मेहकर, म्हटलं. पुढे त्यांनी आणखी एक-दोन प्रश्न विचारले आणि मी मोकळेपणी उत्तरं दिली. लोकांना एकमेकांबद्दल कुतूहल असलं पाहिजे. माझी फिल्म तरी दुसरं काय सांगते?

२७ जानेवारी

उल्रिकेनं फुटेज बघितलं. तात्याराव आवडले, हळदीकुंकू तर फारच आवडलं, तिनं ते मुलांनाही दाखवलं. पण म्हणाली, ह्या दोन वेगळ्या फिल्म आहेत सुकन्या. ही दोन जगं एकमेकांना भेटत कुठे आहेत?

फोन ठेवल्यावर दिवसभर डोकं धरून बसले. खरं आहे तिचं. बाप एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला, आणि मधे माझी कात्री.

संध्याकाळी सुचलं. फिल्म जिच्याबद्दल आहे तिला आणि तिच्या माणसांना आधी दाखवायची, त्यांचं म्हणणं टिपायचं आणि तेही फिल्ममध्ये ठेवायचं. किती प्रामाणिक पद्धत आहे ही! लोकांची गोष्ट त्यांच्यापासून लपवून लांबच्या देशात विकायची, हे मला कधीच पटलेलं नाही. मेहकरच्या विहारात पडदा लावायचा. तात्यारावांचं बोलणं, आणि त्याला जोडून पंचशीलाची ओटी. मग कॅमेरा तात्यारावांवर.

अटीचं काय? विचार केला, अगदी खोल केला. मी बरं म्हटलं होतं. बरं म्हणजे ऐकून घेतलं. तेव्हा मलाच फिल्म कुठे माहीत होती? आणि बाप-लेकीत असं खोटं ठेवून कुणाचं भलं होतं? मी माझ्या बाबांपासून काही लपवलेलं नाही. त्यांनी काही विचारलेलंही नाही म्हणा.

३ फेब्रुवारी

संगमेशला सांगितलं तर तो लेन्स पुसत राहिला. मग म्हणाला, "अक्का, हे बराबर न्हाई."

"काय बराबर नाही?"

"त्या ताईला ठावं हाय का?"

"तिथेच कळेल. आधी सांगितलं तर ती नाटक करेल. मला खरं हवंय."

"मी सत्तावीस वर्सं लग्नं केली. पोरीच्या बापाचं रडणं घेतलंय, हजार बापांचं. पन त्यांना रडवायला मी गेलो न्हाई. ते आपनहून रडतेत."

चांगलं वाक्य होतं. मी त्याला म्हटलं, लग्नाची सीडी आणि सिनेमा यात फरक असतो. तो मान हलवून म्हणाला, "व्हय, सीडी घरचे लोक जपून ठेवतेत." मला राग आला, पण बारा तारखेच्या विहारातल्या खेळाला दुसरा माणूस कुठून आणू? गोड बोलून घेतलं.

८ फेब्रुवारी

पंचशीलाला फोन केला. पौर्णिमेला विहारात सगळे जमतात, तेव्हा अप्पांची फिल्म गावाला दाखवू, म्हटलं. तिनं लगेच विचारलं, "नुस्ती अप्पाची न्हवं?" मी म्हटलं, अप्पांचीच. पहिली बारा मिनिटं तरी अप्पांचीच आहेत. ती इतकी खूश झाली की मला ओशाळल्यासारखं झालं. म्हणाली, "अप्पानं आजवर सोताला कुठं बगितलंय? फोटोत तेवढं. मी रजा टाकते."

ओशाळल्यासारखं झालं हे खरं. पण दुपारपर्यंत गेलं.

१२ फेब्रुवारी, मेहकर

सगळं लिहून काढते, ओलं आहे तोवर.

पाच वाजताच विहार भरला. पुढे मुलं, डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. भिंतीला पांढरी चादर. मेहकरात अशी फिल्म पहिल्यांदाच, म्हणून शेजारच्या वाडीतूनही लोक आले होते. वंदना तात्यारावांनीच घेतली. पंचशीला पांढऱ्या साडीत शोभाबाईंच्या शेजारी बसली होती. आईच्या मांडीवर हात ठेवून, लहान मुलीसारखी.

दिवे मालवले. तात्याराव पडद्यावर आले तशी मुलं ओरडली, "आज्जा! आज्जा!" ते स्वतः खुर्चीत पुढे सरकून बसले, दोन्ही हात काठीवर. नागपूर झालं. नदीत सोडलेले टाक झाले. भावाची गोष्ट सुरू झाली तेव्हा एकदम शांतता, कारण माणिकरावाची नातवंडं तिथेच बसलेली होती, हे मला नंतर कळलं. "तो आमचा न्हाई. मंग पोटचा असूं दे न्हाईतर पाठचा." काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

मग कट. हिरवी साडी.

पोरगी पडद्यावर दिसताच म्हातारा हसला. मोठ्ठं, सगळे दात दाखवून. आजूबाजूला वळून बघितलं, सगळ्यांनी बघितलं का म्हणून. आणि तेवढ्यात पडद्यावर सरस्वतीबाईंचं बोट आलं.

मी शपथेवर सांगते, इतका मोठा बदल मी कुठल्याही नटाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही. हसू जागेवरच राहिलं, पण त्यातलं सगळं निघून गेलं. संगमेशनं कॅमेरा खाली घेतला! मी त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः धरला. चाळीस सेकंद. एकही क्षण हलला नाही. इतकी वर्षं मी कशासाठी काढली ते मला त्या चाळीस सेकंदांत कळलं.

फिल्म संपली. कुणी दिवे लावेना. तात्याराव म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. ह्या वेळी ते नुसते हळदीकुंकूच बघत होते, डोळे बारीक करून, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचावीत तसे. ओटी भरली, पंचशीला हसली, चादर पांढरी झाली. बायांच्या बाजूनं कुणीतरी हुंदका दिला. मी कॅमेरा तिकडे वळवला तर पंचशीलानं पदर तोंडावर घेतलेला. काहीच मिळालं नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "अप्पा, ते नुस्तं..."

तात्याराव उठले. तिच्याकडे बघितलंच नाही. शोभाबाईंना म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात, "पाव्हण्या बाईला चहा द्या. भालकीची बस साडेसातला हाय. कुणीतरी सोडून या."

शोभाबाई जागच्या हलल्या नाहीत. पंचशीला वाट बघत होती, आई काही म्हणेल म्हणून. त्यांचे ओठ हलत होते, पण माइक त्यांना लावलेला नव्हता. मग एका बाईनं खरंच कपात चहा आणून पंचशीलापुढे धरला, पाहुण्यांना देतात तसा, बशीसकट. पंचशीलानं तो घेतला. प्यायली. सगळ्यांदेखत, सावकाश, संपेपर्यंत. का प्यायली असेल? मी असते तर उठून गेले असते.

परतताना ती आमच्या गाडीत बसायला तयार झाली नाही. बसनं गेली.

१३ फेब्रुवारी

संगमेश सकाळी हार्ड डिस्क देऊन गेला. उरलेले दिवस येणार नाही म्हणाला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "लग्नसराई." फेब्रुवारीत असते खरी.

पंचशीलानं फोन उचलला नाही. तिला थोडा वेळ द्यायला हवा. उल्रिकेला ते चाळीस सेकंद पाठवले. तिचा उलटा फोन आला, ती रडत होती. म्हणाली, तू हे कसं मिळवलंस? मी म्हटलं, विश्वास. ह्या माणसांचा विश्वास मिळवावा लागतो.

तरी दिवसभर कशात मन लागलं नाही. बाबांना सांगितलं मेहकरला काय झालं ते. ते पेपर वाचत होते. "तात्याराव हट्टीच," म्हणाले. "शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं एकदा, जेवायला वेगळी पंगत दिसली म्हणून जिल्ह्याला अर्ज केला होता त्यानं. माझ्या विरुद्ध."

"मग?"

"मग काय? पंगत होतीच वेगळी."

१९ फेब्रुवारी

आज शेवटी पंचशीलाच्या खोल्यांवर गेले. ती ड्यूटीवर होती. सरस्वतीबाई अंगणात भेटल्या. हसून पाणी दिलं, तिळगुळाचे उरलेले लाडू दिले. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "वरच्या खोल्या पाडव्याच्या आत रिकाम्या करून हव्यात. पुतण्या यायचाय पुण्याहून. शीला मॅडमला सांगितलंय मी, पंचवीस तारखेलाच सांगितलं गेल्या महिन्यात." पंचवीस जानेवारी म्हणजे हळदीकुंकवाचा दुसरा दिवस. पंचशीला मला काही बोलली नाही. बिचारीवर एकदमच सगळं आलं. पुतण्यालाही आत्ताच यायचं होतं.

निघताना सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या, "आमचं काही नाही हो. पण आधी सांगायला हवं होतं ना माणसानं. मी माझ्या हातानं ओटी भरली." मी म्हटलं, हो, खरेपणा महत्त्वाचा. हे मला मनापासून पटतं.

२८ फेब्रुवारी

वीस मिनिटांचा तुकडा गेला. शेवटचा शॉट तात्याराव. उल्रिके म्हणते, समितीतल्या दोघांनी आत्ताच विचारलंय की फिल्म जूनमध्ये दाखवता येईल का. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बेकरीतली बाई मला आठवली आणि राग आला नाही.

एकच अडथळा आहे. पंचशीलाच्या परवानगीच्या कागदावर सही नाही. तात्यारावांनी शूटिंगच्या दिवशीच केली होती, ठसठशीत, मोडीसारखी वळणदार. पंचशीलाची मी शेवटी घेऊ म्हटलं होतं. चूक झाली. तिला निरोप ठेवला, सहीशिवाय सगळं अडेल, माझं पूर्ण आयुष्य अडेल.

५ मार्च

परवा विमान. आज दुपारी पंचशीला स्वतः आली, ड्यूटीच्या कपड्यांत. बाबा झोपले होते. मी तिला आत बोलावलं, ती ओसरीवरच बसली. बारीक झालीय. मी म्हटलं, काय गं ही तब्येत. ती म्हणाली, "सही कुठं करायची?"

कागद दिला. तिनं न वाचता तीन ठिकाणी सही केली. पेन मला परत दिलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. तरी विचारलं, अप्पा कसे आहेत?

"मला काय ठावं? फोन मायच उचलती. माझा आवाज आला की राँग नंबर म्हणती. अप्पा बाजूला बसलेले असतेत ना." मग नखाकडे बघत म्हणाली, "रोज लावते मी. राँग नंबर एवढं तरी बोलती माय. कालच्याला जरा हळू म्हणली."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

"सुके, एक मागू का? त्यातलं अप्पाचं तेवढं दे मला. पैलं पैलं, मी पडद्यावर आल्यावर हसलेत बघ. तेवढंच. पुढचं नको. मला बापाचा तेवढा चेहरा ठेवायचाय, आता दुसरा दिसायचा न्हाई."

इतकं नेमकं, इतकं साधं. फिल्मचा शेवट समोर बसून बोलत होता आणि कॅमेरा आत बॅगेत होता.

मी म्हटलं, देते, नक्की देते. हे जे आत्ता म्हणालीस ते कॅमेऱ्यासमोर एकदा म्हणशील?

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "कुठं बगून म्हणू?"

पहिल्या वेळी रस्त्यावरून हॉर्न वाजला. दुसऱ्या वेळी ती "तेवढाच चेहरा" म्हणाली, "तेवढा" म्हणायला हवं होतं, ते जास्त नैसर्गिक होतं. तिसऱ्या वेळी छान झालं. तिन्ही वेळा ती तितकीच रडली, हे मला खरंच विशेष वाटलं. नर्सना सवय असते बहुधा.

मग तिच्या फोनवर तो तुकडा टाकला. नऊ सेकंदांचा, हसू संपायच्या आत तोडलेला. फिल्म दाखवली जाईपर्यंत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर उल्रिकेच्या कंपनीचं नाव तिरकं टाकावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. ते नेमकं तात्यारावांच्या तोंडावरून जातं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, ठळक पांढऱ्या अक्षरांत. मी तिला समजावलं, जूननंतर मला आठवण कर, बिनअक्षरांचं पाठवते.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग हात लांब करून धरला, मग पुन्हा जवळ. नऊ सेकंद संपले की परत लावत होती.

"ओळखू येतेत," म्हणाली.